आडवी बाटली आणि ज्यूराची पिवळी वाईन

प्रिय आई,

काल आपल्या गावात बाटली पुन्हा आडवी पडली. निकाल सांगितला तेव्हा साऱ्या बाया ग्रामपंचायतीच्या आवारात बसल्या होत्या. टाळ्या नंतर वाजल्या. आधी कौसामावशीनं पदर सारखा केला आणि तुझं नाव घेतलं. घरी आल्यावर बाबा पायरीवर बसून म्हणाले, "तुझ्या मायले कोण सांगन आता?" मी म्हटलं, मी सांगते. म्हणून हे लिहायला बसले.

तू गेल्यापासून तुला काहीच सांगितलेलं नाही. आणि सांगण्यासारखं किती झालंय. कुठून सुरू करू?

मामापासून करते. तूही नेहमी तिथूनच सुरू करायचीस. तुझा धाकटा भाऊ, माझा अशोकमामा. गावातल्या देशी दारूच्या दुकानाच्या बाकावर त्याची जागा ठरलेली होती. लिव्हर खराब होऊन तो गेला तेव्हा त्याच्यासाठी मुली पाहणं चालू होतं. त्यानंतर विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी आलीस की तुझा आवाज चढायचा. नशेपासून दूर राहण्याचं ते शील खास आमच्या घरासाठीच सांगितलंय, असं मला लहानपणी वाटायचं.

मग कौसामावशीला सोबत घेऊन तू दारोदार फिरलीस. दुकान बंद करायचं तर गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी येऊन बंदसाठी मत द्यायला हवं, असा नियम. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांधीतून निघून बाया तशाच चिखलाच्या पायांनी रांगेत आल्या होत्या. मी शाळेच्या कठड्यावर बसून पाहत होते. त्या दिवशी बाटली आडवी पडली आणि तू घरी येऊन काय केलंस, आठवतं? भाताचं आधण ठेवलंस, आणि चुलीपुढे बसून मामासाठी रडलीस.

आणि अशा बाईच्या पोटी मी निघाले. वाईन करणारी.

मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं, हे तूही मान्य करशील. नागपूरला शेतीचं शिकले, नाशिकला द्राक्षांच्या कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं. तू म्हणालीस, "द्राक्षं खायची राहतात." नंतर फ्रान्सला तोडणीच्या हंगामासाठी निघाले तेव्हा तू वरठीच्या स्टेशनापर्यंत आलीस.

"तिकडं जाऊन दारूच गाळशीन ना?"

"वाईन, आई."

"नाव बदलल्यानं काय होते वं?"

तू फलाटावर आली नाहीस. बाहेर ऑटोवाल्यांजवळ उभी राहिलीस. पुढचा सारा हंगाम, आणि त्यानंतरही, तू माझ्याशी फोनवर बोलली नाहीस. बाबा बोलायचे आणि मागे तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या. इतकं जवळ उभं राहून न बोलणं तुला कसं जमायचं गं?

ज्यूरा हा फ्रान्सच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग. तिथं ओदिलबाईंचा मळा आहे. मळा म्हटल्यावर मोठं काही आणू नकोस डोळ्यांसमोर. एक उतार, एक दगडी घर, घराखाली तळघर. फाटकावर पाटीसुद्धा नाही. उतारावरची माती निळसर, आणि पाऊस झाला की रोवणीच्या बांधीसारखी पायाला धरते. पहिल्या आठवड्यात माझा बूट त्या मातीत अडकून राहिला आणि मी अनवाणी पुढे गेले. ओदिलबाई मागे होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वाकून बूट काढला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुझ्याकडे काय पिकतं?" मी म्हटलं, धान. तोडणी संपली, बाकीचे मजूर गेले, मला त्यांनी थांबवून घेतलं.

त्या घरात पिढ्यान् पिढ्या एकाच वाईनसाठी लोक येतात. पिवळी वाईन. ती करायला दुसरं काही लागत नाही, फक्त धीर लागतो. द्राक्षांचा रस आंबला की तो जुन्या ओक लाकडाच्या पिंपात भरायचा, पिंप थोडं रिकामं ठेवायचं, आणि सहा वर्षांहून जास्त काळ त्याला हात लावायचा नाही. वरून भर घालायची नाही, हलवायचं नाही. आतली वाईन हळूहळू उडून कमी होत जाते आणि तिच्या अंगावर बुरशीसारखा एक पातळ पापुद्रा धरतो. तो पापुद्रा टिकला तर वाईन होते. तुटला तर आत हवा शिरते आणि सगळ्याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर होतो. किती पिंपं तरतील ते आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच ती थोडी होते, आणि म्हणूनच ती मिळावी म्हणून माणसं वर्षानुवर्षं नाव लावून बसतात. पॅरिसचे मोठे हॉटेलवाले असोत की जपानहून आलेलं कोणी, ओदिलबाई सगळ्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवतात, आधी चीज आणि अक्रोड खायला लावतात, मग बाटल्यांचं बोलतात. उपाशीपोटी कोणाला घोट देत नाहीत. एकदा एक मोठं गिऱ्हाईक आधीच झुलत आलं होतं. त्याला त्यांनी कॉफी पाजली आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

दुसऱ्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. तळघराच्या पायऱ्या उतरवेनात. त्यांना मूलबाळ नाही. पुतण्या होता, तो मळा एका मोठ्या कंपनीला विकून टाका म्हणत होता. ओदिलबाईंनी मला बोलावून सांगितलं, "यंदाची पिवळी तू भर. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझी. जमली तर मळा राहील. नाही जमली तर पुतण्या म्हणतो तसं करू."

शेजारच्या मळ्यांमध्ये ही गोष्ट लगेच पसरली. समोर कोणी वाईट बोललं नाही. पण एक म्हातारा शेजारी तळघरात येऊन पिंपांवर बोटं वाजवत म्हणाला, "तुमच्या देशात तळघरं असतात का हो?" मी म्हटलं, आमच्याकडे तळी असतात. त्याला काही समजलं नाही. मी समजावतही बसले नाही.

पिंपं भरली त्या दिवशी मी घरी व्हिडिओ कॉल केला. बाबांनी फोन धरला होता, आणि तू पहिल्यांदाच आपणहून पुढे आलीस. मी तुला तळघर दाखवलं. भिंतीशी रचलेल्या जुन्या बाटल्या पाहिल्यास आणि म्हणालीस, "तुमच्या इथं तं साऱ्या बाटल्या आडव्याच पडल्या आहेत."

बाबा किती हसले. मी पण. तू मात्र हसली नव्हतीस. तुला ओदिलबाई दिसल्या होत्या, काठी टेकत माझ्या मागे येताना. तू सरळ विचारलंस, "तिले विचार, तिचा नवरा पेत होता का?"

मला विचारायची लाज वाटली. तू फोन ठेवेनास. शेवटी विचारलं. ओदिलबाईंनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. म्हणाल्या, हो, पीत होता. त्यातच गेला. याच तळघरात.

मी ते तुला मराठीत सांगितलं. तू मग म्हणालीस, "तं मंग तिले समजते." त्या दिवसानंतर तू माझ्याशी बोलायला लागलीस.

पसंत केलं नाहीस हं. ते कधीच केलं नाहीस, आणि मीही पुन्हा मागितलं नाही. पण दर रविवारी विचारायचीस, "तुझी साय कशी आहे?" त्या पापुद्र्याला तू साय म्हणायला लागलीस. ओदिलबाईंना मी तो शब्द शिकवला. आता आमच्या तळघरात कामाला येणाऱ्या फ्रेंच बाया 'साय' म्हणतात, तुला माहीत आहे का?

आणि मग तू थांबली नाहीस. पिंपं उघडायला दोन हिवाळे उरले असताना गेलीस. सकाळी धान वाळत घालताना छातीत कळ आली, भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत बाबांनी नेलं, बस्स. मी पोचले तेव्हा घरात तुझी माणसं होती, तू नव्हतीस. रागावू का तुझ्यावर? ज्या बाईनं मला दर रविवारी धीर धर म्हणून सांगितलं, तिनंच घाई केली.

आता ऐक, पुढे काय झालं ते.

पिंपं उघडली तेव्हा ओदिलबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. गुडघ्याची पर्वा केली नाही. पुतण्या आला, तो म्हातारा शेजारीही आला. पहिलं पिंप सिरका झालेलं. नुसत्या वासावरून कळलं. शेजाऱ्यानं खाली पाहिलं. दुसरं उघडलं. मी काचेच्या नळीनं वाईन काढली, पेल्यात धरली. सोन्यासारखा रंग. नाकाशी नेली आणि आई, मला आपल्या स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं. भाजलेल्या मेथ्यांचा वास! लोणच्यासाठी तू तव्यावर मेथ्या परतायचीस ना, अगदी तो. तिथले लोक त्याला अक्रोडाचा वास म्हणतात. म्हणोत.

ओदिलबाईंनी घोट घेतला. पेला पुतण्याकडे दिला, त्यानं शेजाऱ्याकडे. म्हातारा डोळे मिटून उभा राहिला. मग टोपी काढून मला म्हणाला, "तळी असतात म्हणालीस ना? ती नीट सांग मला एकदा." वर टेबलाशी बसून मी त्याला आपला तलाव सांगितला. पाळ, पाट, धान, सगळं.

एकदोन पिंपं सोडली तर सारी तरली होती. ओदिलबाई म्हणाल्या, सासऱ्यांनंतर या घरात अशी झाली नव्हती. वसंतात बाटल्या भरल्या आणि उन्हाळा लागायच्या आत एकही शिल्लक नव्हती. ज्यांना मिळाली नाही ते पुढच्या वर्षीसाठी नाव लावून गेले. मळा विकायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. ओदिलबाईंनी मला भागीदार केलं आणि बाटलीच्या चिठ्ठीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव छापलं. करुणा. तुझ्या लेकीचं नाव फ्रान्सच्या बाटलीवर. तुला आवडलं नसतं, मला ठाऊक आहे. तरी तू चष्मा पुसून वाचलं असतंस, हेही ठाऊक आहे.

नागपूरच्या एका पेपरात ते छापून आलं. भंडाऱ्याच्या मुलीची वाईन फ्रान्समध्ये गाजली, असं. हातात बाटली घेतलेला माझा फोटो. बाबांनी तो कापून ठेवला. आणि तो फोटो दुसऱ्या कोणीतरीही कापून ठेवला.

फाट्यावर नवं दुकान उघडलं होतं. गावच्याच हद्दीत. कौसामावशीनं बायांना जमवून पुन्हा मतदान मागितलं. आणि मतदानाच्या आधी दुकानाच्या भिंतीवर माझा तो फोटो लागला, हातभर मोठा करून. खाली लिहिलेलं: तुमच्या पुढारिणीची लेक दारू करून मोठी झाली, तुम्ही कायले अडून राहिल्या?

मावशीचा फोन आला तेव्हा मी उतारावर छाटणी करत होते. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "करुणा, बाया घरात बसून राहिल्या. कोणी निघून नाई राहिली. तू येतेस का नाई?"

आई, मी तिथं जिंकले आणि त्याच जिंकण्यानं इथं तुझं केलेलं पुसायला काढलं होतं. ओदिलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा. वेली कुठं पळून जात नाहीत."

वरठीला उतरले. बाबा मोटारसायकल घेऊन आले होते. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली, माझा फोटो दाखवला आणि म्हणाले, "फोटो चांगला आला बाप्पा, जागा खराब आहे." आमच्या दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, तरी हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहारासमोर बाया जमल्या. धान निघालं होतं, बांधीत लाखोरीचं कडधान्य उगवून आलं होतं, त्यामुळे हातांना थोडी सवड होती. तरी आवार अर्धंच भरलं. मी उभी राहिले. भाषण येत नाही मला, तुझ्यासारखं तर नाहीच.

मी म्हटलं, फोटो खरा आहे. मी वाईन करते. तेच माझं काम आहे आणि ते मी चांगलं करते. आईनं ते पसंत केलं नव्हतं.

मागून एक तरुण सून उठली. मला तिची ओळख नव्हती. म्हणाली, "ताई, तिथं बनवाची आन् इथं बंद कराची, हे कसं जी?"

कोणीच तिला बस म्हणालं नाही. प्रश्न सगळ्यांचाच होता. आई, त्या क्षणी तू असतीस तर काय उत्तर दिलं असतंस? मग मी जे पाहिलंय तेच सांगितलं. माझ्या मालकिणीचा नवरा दारूनं मेला. तिच्या घरात वाईन होते आणि तिच्याच घरातला माणूस त्यात गेला. ती रोज ते लक्षात ठेवून काम करते. जेवल्याशिवाय घोट देत नाही, झिंगलेल्याला दारातून परत करते, आणि रोजगाराचा पैसा घेऊन कोणी तिच्या दारात रोज येत नाही. मी विचारलं, फाट्यावरचं दुकान कोणाला परत पाठवते का? सकाळी उघडतं तेव्हा कोण उभं असतं तिथं? माझा अशोकमामा उभा असायचा. आज कोणाच्या घरचं माणूस उभं असतं, सांगा.

ती सून उभीच होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या."

आणि खाली बसली. तिच्या शेजारची बाई म्हणाली, "माझ्या बी." मग आणखी एक. मला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

मी एवढंच म्हटलं, माझं नाव चांगल्या कामानं झालंय, ते त्या भिंतीवर शोभत नाही. चला, काढून आणू. कौसामावशी पहिली उठली. साऱ्या निघालो, दिवसाउजेडी, रस्त्याच्या मधून. एसटी थांबून राहिली आमच्यासाठी, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. दुकानवाला बाहेर आला, बाया पाहिल्या, आत गेला. त्या सुनेनं फोटो काढला, नीट, कुठं फाटू न देता, आणि माझ्या हातात दिला.

मतदानाला रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. म्हाताऱ्या बायांना नातवांनी गाडीवर बसवून आणलं. नागपूरला, तुमसरला दिलेल्या लेकी, ज्यांची नावं अजून इथल्या यादीत आहेत, त्या सकाळच्या गाडीनं आल्या. माझं नाव यादीत नाही, म्हणून मी बाहेर पाणी वाटत होते. निम्म्याहून जास्त मतं हवी होती ना? त्याहून कितीतरी जास्त पडली. दुकानाला कुलूप लागणार. आपण जिंकलो, आई. तू जिंकलीस आणि मीही.

निकालानंतर कौसामावशी मला बाजूला घेऊन गेली. गावातली सगळ्यात कडक बाई ती, तुझ्यापेक्षाही. इकडं तिकडं पाहून म्हणाली, "एक बात विचारू का? खरं सांगशीन?"

"विचार ना मावशी."

"ते तुझं तिथलं… खरंच सगळ्यायपेक्षा चांगलं झालं का?"

"झालं, मावशी."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "मंग झालं. तुझ्या मायची पोरगी हायस. तू कमी करशीनच नाई."

आई, परवा परत निघतेय. छाटणी अर्धी राहिलीय, आणि यंदाची नवी पिंपं मला एकटीनं भरायची आहेत. तुझं पाचवं शील मी तुझ्यासारखं पाळू शकले नाही, हे जसं आहे तसं तुझ्यापुढे ठेवते. पण वचन देते: माझ्या हातून जे बाहेर जाईल ते चांगलंच असेल, आणि ते कोणाच्या घरात काय करतं याकडे मी कधी पाठ फिरवणार नाही. आणि जेव्हा जेव्हा या गावातल्या बाया बोलावतील, मी जगात कुठंही असले तरी येईन आणि पाणी वाटायला उभी राहीन.

तुझी, मान वर करून चालणारी,
करुणा